राखेचा तलाव फोटोत सुंदर दिसतो, मग मी फोटो काढणं थांबवू का?

वाचक मैत्रिणीचं पत्र, ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात: वय २६. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कोळसा खाणीच्या कॉलनीत लहानाची मोठी झाली. वडील खाणीत डंपर ऑपरेटर, रिटायरमेंट जवळ आलीय, भाऊ तिथेच कंत्राटावर. तिने स्वतःच्या पगारातून सेकंडहॅण्ड कॅमेरा घेतला आणि सुट्टीच्या दिवशी ती खाणी, मातीचे डोंगर, वीज केंद्राच्या चिमण्या, राखेचे तलाव यांचे फोटो काढते. हिवाळ्यात पहाटे काढलेला राखेच्या तलावाचा एक फोटो इन्स्टावर तुफान चालला. गुलाबी आभाळ, पाण्यात चिमण्यांचं स्वच्छ प्रतिबिंब, आणि खाली कमेंट्स, 'स्वित्झर्लंड वाटतंय', 'वॉलपेपरसाठी पाठव ना'. ते वाचून तिला मळमळल्यासारखं झालं. मग उन्हाळ्यात शेजारच्या गावात तिने एका आजीचा फोटो काढला, खाटेवर वाळत घातलेल्या कुरडयांवरची राख आजी फुंकरीने उडवत होती. आजीचा मुलगा आला आणि म्हणाला, 'तुम्ही लोक फोटो घेऊन जाता, आमचं काय होते?' वडिलांना हे सगळं पटत नाही, ते म्हणतात, 'खाल्ल्या घरचे वासे मोजू नको.' आता नागपूरच्या एका ग्रुपने 'उद्योगाचं सौंदर्य' अशा विषयावरच्या प्रदर्शनासाठी तिचे फोटो मागितलेत. ती विचारते, सुंदर फोटो काढून मी प्रदूषणाची जाहिरात करतेय का? फोटो मुद्दाम काळे, भेसूर करू का? की हे सगळं सोडूनच देऊ?

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र वाचलं, मग तू सोबत पाठवलेले फोटो पाहिले, मग पुन्हा पत्र वाचलं. आधी एक गोष्ट सांगते, सोडून देऊ नकोस. हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. त्या भागात असे फोटो काढणारे लोक कमी आहेत, आणि तिथे जन्मलेले, तिथेच राहणारे तर फारच कमी. बाहेरून येणारा फोटोग्राफर ताडोब्याला जाताना गाडीतून एखादी चिमणी टिपतो आणि पुढे वाघ बघायला जातो. तू तिथेच राहतेस, हे तुझ्या फोटोंना मिळालेलं मोठं बळ आहे.

आता तुझ्या मळमळीकडे येऊ. तू असं धरून चाललीयस की फोटो सुंदर आला म्हणून लोकांना स्वित्झर्लंड दिसलं, म्हणजे दोष सौंदर्याचा. पण त्या फोटोखाली तू काय लिहिलं होतंस? पत्रात तूच सांगितलंयस, 'मॉर्निंग व्हाइब्स' आणि एक सूर्याचा इमोजी. मग लोकांनी तेच पाहिलं जे तू दाखवलंस. तलाव कशाचा, कुठला, त्यात काय आहे, हे फोटोत कुठेच नव्हतं, खाली पण नव्हतं. पुण्यात बसलेल्या माणसाला राखेचा तलाव आणि साधा तलाव यातला फरक कुठून कळणार, त्याने तो जन्मात पाहिलेला नसतो.

आणि मला वाटतं तो तलाव इतका सुंदर का दिसतो हे तू स्वतः नीट समजून घ्यावंस, कारण फोटोची खरी गोष्ट तिथेच आहे. आपल्याकडच्या कोळशात राखेचं प्रमाण खूप, साधारण ३० ते ४० टक्के, म्हणजे शंभर टन कोळसा जाळला की तीस-चाळीस टन राख उरते. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं, तेव्हा रोज किती राख निघत असेल याचा अंदाज तूच कर. त्यातली काही कोरडी उचलून सिमेंट आणि विटांना जाते, उरलेली पाण्यात कालवून पाइपाने तलावात सोडतात. तिथे राख हळूहळू तळाला बसते आणि वर नितळ पाणी राहतं. तुझ्या फोटोतलं ते आरशासारखं पाणी असं तयार झालंय. म्हणजे जे बघून लोक हरखले ते त्या राखेनेच घडवलेलं दृश्य आहे, आणि हे एवढं जरी फोटोखाली लिहिलं असतंस ना, तर तोच फोटो, तेच गुलाबी आभाळ, पण बघणारा दचकला असता. सुंदर फोटोवर माणूस थांबतो, भेसूर फोटो तो अंगठ्याने वर सरकवून टाकतो. थांबलेल्या माणसाला काय सांगायचं हे तुझ्या हातात आहे.

म्हणून काळे-भेसूर करायच्या फंदात पडू नकोस. एडिटिंगमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवून, आभाळ काळं करून प्रदूषण जास्त दाखवणं म्हणजे खोटं बोलणंच, फक्त आपल्या बाजूने. आणि ते पकडलं जातं. कॅनडाचा एडवर्ड बर्टिन्स्की हा फोटोग्राफर आयुष्यभर खाणी, तेलविहिरी, भंगारात निघालेली जहाजं असलंच टिपत आला. त्याने १९९६ मध्ये सडबरी इथल्या निकेल खाणीच्या गाळातून वाहणारा एक प्रवाह टिपला, काळ्या जमिनीतून भडक नारिंगी रंगाची नदी, बघताना वाटतं लाव्हा आहे. तो रंग लोहाच्या ऑक्सिडेशनचा, म्हणजे साध्या भाषेत गंजाचा. त्याच्यावरही हीच टीका झाली की तू विध्वंस देखणा करतोस. पण ते फोटो पाहणारा माणूस आधी खेचला जातो आणि मग हे काय आहे असं विचारतो, आणि उत्तर शेजारीच लिहिलेलं असतं, जागा, वर्ष, कशाचा गाळ. मला ही रीत पटते. तुला पटलीच पाहिजे असं नाही, पण सौंदर्याला घाबरून पळण्याआधी एकदा विचार कर.

याच्या उलट एक गोष्ट आहे, ज्यात तुझ्यासारखे चांगल्या मनाचे फोटोग्राफर नेहमी फसतात. तू पाठवलेल्या फोटोंत एकात ते जाडजूड, कंबर बारीक असलेले टॉवर आहेत, त्यातून पांढरे ढग निघतायत, आणि फाइलला नाव दिलंयस 'विष'. अगं, ते कूलिंग टॉवर आहेत. त्यातून निघते ती पाण्याची वाफ. थंडीत सकाळी ती जास्त दाट दिसते म्हणून फोटो भारी येतो, पण विष ते नाही. जे खरंच त्रास देतं ते बऱ्याचदा दिसतच नाही. सल्फर डायऑक्साइड या वायूला रंग नसतो. छातीत खोल जाणारे बारीक कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, ते एकेकटे डोळ्याला दिसत नाहीत. उंच सडपातळ चिमणीतून आभाळात फिकटसं काहीतरी जातंय असं वाटतं तेव्हाही ते जात असतात. आता तू तो वाफेचा फोटो विष म्हणून प्रदर्शनात लावलास आणि समोर वीज केंद्रातला एखादा माणूस उभा राहिला, तर तो एका मिनिटात तुझा मुद्दा मोडून काढेल आणि मग बाकीचे खरे फोटोही खोटे ठरतील. तुझे बाबाच ते पहिले ओळखतील.

मग न दिसणारं दाखवायचं कसं? ते जिथे जाऊन बसतं तिथे बघ. हे तू नकळत केलंयस, कुरडयांचा फोटो तोच आहे, आणि माझ्या मते तुझ्या सगळ्या फोटोंत तो सगळ्यात ताकदीचा. चिमणी नाही, धूर नाही, खाट, पांढऱ्या कुरडया, त्यावर करडी पूड आणि आजीच्या गालांचा फुगा. असंच कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून असलेल्या शेतातला कापूस बघ. बोंड फुटून पांढरंशुभ्र बाहेर यायचं तिथे कापसावर काळी धूळ धरलेली असते, बोट फिरवलं तर बोट काळं होतं, आणि असा कापूस बाजारात नेला की भाव पाडून मागतात. एक बोंड जवळून, प्रकाश बाजूने घेऊन. घराच्या टाकीचं झाकण, आंब्याची पानं, शाळेच्या खिडकीची कड, पावसाळ्याच्या पहिल्या सरीत छपरावरून उतरलेलं पाणी बादलीत धरलं तर ते कसं दिसतं, हे सगळं काढता येईल. आणि ब्लास्टिंगने, म्हणजे खाणीतल्या सुरुंगांच्या स्फोटांनी, भिंतींना गेलेल्या भेगा. एका भेगेजवळ पट्टी ठेवून फोटो काढ, पुढच्या वर्षी त्याच भेगेजवळ तीच पट्टी ठेवून पुन्हा काढ. (भेग ब्लास्टिंगनेच गेली असं लगेच लिहू नकोस हं, घर जुनं असेल, माती काळी असेल, काळ्या मातीवरच्या घरांना अशाही भेगा जातात. घरमालक काय सांगतो ते त्याच्या नावाने, त्याची परवानगी घेऊन लिही.)

आता बाबा. यावर जरा जास्त लिहिते, कारण पत्रात तू याबद्दल चारच ओळी लिहिल्यास पण सगळ्यात जड त्याच आहेत.

'खाल्ल्या घरचे वासे मोजू नको' म्हणतात त्यामागे राग आहे असं तुला वाटतंय, मला त्यात भीती जास्त दिसते. रिटायरमेंट तोंडावर, ग्रॅच्युइटीचे कागद साहेबाच्या टेबलावरून जाणार, क्वार्टर सोडायचंय, पोरगा कंत्राटावर आहे म्हणजे कंत्राटदाराने उद्यापासून येऊ नको म्हटलं तर विषय संपला. अशा वेळी मुलीने काढलेले फोटो कोणीतरी ग्रुपवर फिरवायचे आणि वर लिहायचं, अमक्याची पोरगी. ही भीती खोटी नाहीये आणि तुझ्या फोटोंपेक्षा लहानही नाही. तेव्हा काही गोष्टी तू ठरवूनच टाक. बाबांच्या ओळखीने, त्यांच्या पासवर खाणीत शिरून फोटो काढायचे नाहीत. त्यांनी घरी बोलता बोलता सांगितलेली आतली माहिती त्यांच्याशी जोडली जाईल अशी कुठे टाकायची नाही. कामावरचे लोक ओळखू येतील असे फोटो त्यांना विचारल्याशिवाय टाकायचे नाहीत, हेल्मेटवरचं नाव, गाडीचा नंबरसुद्धा बघून घ्यायचा. आणि हे सगळं मी ठरवलंय असं बाबांना समोर बसून सांग, त्यांना दुसऱ्याकडून कळायला नको.

पण तू अजून एक गोष्ट गृहीत धरलीयस, की बाबा त्या बाजूला आणि तुझा कॅमेरा या बाजूला. खाणीतली धूळ सगळ्यात आधी कोणाच्या छातीत जाते? तिथे पाळी करणाऱ्याच्या. कोळशाच्या धुळीने होणारा न्यूमोकोनिओसिस हा फुफ्फुसांचा आजार मुळात खाण कामगारांचाच. इतकी वर्षं ओपन कास्टमध्ये, म्हणजे उघड्या खाणीत, डंपर चालवलेल्या माणसाला त्या जमिनीबद्दल जे माहिती असतं ते तुला-मला पुस्तकात मिळणार नाही. वर काळी माती, खाली पिवळट थर, मग वालुकाश्म, मग कोळसा, कुठला थर कुठे नेऊन टाकला, कुठला ढिगारा किती जुना, कुठल्यावर झाडं लावली आणि त्यातली किती जगली. तू ज्या ढिगाऱ्याचे रंग इतक्या प्रेमाने टिपलेस ना, ते सगळे रंग उलटे लागलेले आहेत, आधी खोदलेलं खाली आणि शेवटचं वर. सुपीक काळी माती वेगळी साठवून नंतर वर पसरायची असते, नाहीतर ती तळाशी गाडली जाते आणि वर नुसता मुरूम-दगड राहतो ज्यात काही धड उगवत नाही. हे बाबांना एकदा विचार. फोटो मोबाईलवर नको, चांगल्या आकाराची प्रिंट काढून समोर ठेव आणि विचार, बाबा हे काय काय आहे? ते सांगतील तसं लिहून घे. प्रसिद्ध करायला नाही, तुला कळावं म्हणून. मला वाटतं ते तासभर बोलायचे थांबणार नाहीत.

त्या बर्टिन्स्कीचे वडीलही जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला होते, आणि तो ११ वर्षांचा असताना त्यांनीच त्याला जुनं डार्करूमचं सामान घेऊन दिलं होतं. पोट कारखान्यावर आणि नजर कारखान्याकडे, असं एकाच घरात आधीही झालेलं आहे. आणि विजेचं बटण तू-मी पण दाबतोच. ज्या चार्जरवर तुझी बॅटरी चार्ज होते तो त्याच कोळशावर चालतो. याचा अर्थ बोलायचं नाही असा होत नाही, उलट जी गोष्ट आपण वापरतो तिची किंमत कोण मोजतंय हे बघायची जबाबदारी वापरणाऱ्यावरच जास्त येते.

आजीच्या मुलाने विचारलेलं मात्र तू मनावर घेतलंयस ते बरोबर केलंस, कारण त्याचा प्रश्न एकदम रास्त आहे.

जपानमध्ये मिनामाता नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे, तिथे एका केमिकल कारखान्याचा पारा समुद्रात गेला, माशांत गेला आणि माशांमधून माणसांत. १९७१ मध्ये युजीन स्मिथ या अमेरिकन फोटोग्राफरने तिथे एका आईचा फोटो काढला, जन्मापासून त्या विषाने अपंग झालेल्या तरुण मुलीला ती अंघोळ घालतेय. घरच्यांच्या संमतीने काढलेला. तो फोटो जगभर गेला आणि मिनामाता काय आहे हे लाखो लोकांना त्या एका फोटोने कळलं. मुलगी १९७७ मध्ये गेली. त्यानंतरही फोटो छापला जात राहिला, पुस्तकांत, पोस्टरवर, आणि आईवडिलांना ते सोसेना, आता आमच्या लेकीला विश्रांती द्या अशी त्यांची भावना होती. शेवटी १९९० च्या दशकाच्या अखेरीला स्मिथच्या पूर्वीच्या पत्नीने, जिच्याकडे हक्क होते, त्या फोटोचा निर्णय कुटुंबाच्या हाती दिला आणि पुढे बरीच वर्षं तो नव्याने छापणं थांबलं. विचार कर, इतका मोठा, इतका उपयोगी पडलेला फोटो, तरी त्यातल्या माणसांचा हक्क संपला नाही. एकदा हो म्हटलं म्हणजे कायमचं हो, असं नसतं.

तुझ्या फोटोतल्या आजीने तर एकदाही हो म्हटलेलं नाही, तू रस्त्यावरून झूम करून काढलास असं तूच लिहिलंयस. तेव्हा आधी काम हे कर, तो फोटो प्रिंट कर आणि त्या घरी जा. कॅमेरा पिशवीत ठेव. प्रिंट आजीच्या हातात दे, हा तुमचाच आहे म्हण, आणि विचार की मी हा कुठे दाखवू का. नाही म्हणाले तर नाही, विषय संपला, कितीही चांगला असला तरी. हो म्हणाले तर कुठे लागणार, खाली काय लिहिणार, नाव घालायचं का, तेही वाचून दाखव. आणि मुलाच्या 'आमचं काय होते' ला खोटं आश्वासन देऊ नकोस. फोटोने राख थांबेल असं म्हणू नकोस, तुला ते माहिती नाहीये. एवढं म्हणू शकतेस की हा फोटो, तारीख आणि जागा यांच्यासकट, तुमच्याकडेही राहील आणि तुम्हाला अर्ज करताना लागला तर मूळ फाइल मी देईन. हे तू खरंच पाळू शकतेस.

फाइलवरून आठवलं, हे सगळ्यांसाठीच लिहिते, लोटे, तळोज्याच्या कारखान्यांजवळ, गोव्यातल्या डिचोली, सांग्याच्या खाणींजवळ, कुठेही कोणी असे फोटो काढत असेल तर. फोटो पुरावा म्हणून लागू शकतो हे डोक्यात ठेवूनच जपायचा. मूळ फाइल, रॉ (कॅमेऱ्यातून निघालेली कच्ची फाइल) असेल तर रॉ, हात न लावता दोन ठिकाणी ठेवायची. कॅमेऱ्याची तारीख-वेळ आधी तपासून घ्यायची, कितीतरी जणांच्या कॅमेऱ्यात वर्षच चुकीचं असतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि आतली तारीख-लोकेशनची माहिती गळून जाते, म्हणून पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे सर्टिफिकेट जोडावं लागतं, ते वकील बघतील, पण मूळ फाइलच नसेल तर वकील तरी काय करणार. प्रत्येक फोटोसाठी वहीत किंवा एक्सेलमध्ये एक ओळ, तारीख, वेळ, कुठून उभं राहून, कुठल्या दिशेला, वारा कसा होता. कंटाळवाणं काम आहे पण हेच पुढे कामी येतं.

आणि जागा ठरव. खूप नको, चार-पाच, सार्वजनिक रस्त्यावरून दिसणाऱ्या. पूल, टेकडी, बसस्टॉप. तिथून तीच फ्रेम, तीच लेन्स, दर ऋतूत. राखेचा तलाव हिवाळ्यात आरसा असतो, पण मे महिन्यात कडा सुकल्या आणि वारा सुटला की तिथूनच करड्या लाटा उठताना दिसतील, आणि हे दोन फोटो शेजारी ठेवलेस की कोणी वॉलपेपर मागणार नाही. इरई नदीच्या काठावरचे मातीचे ढिगारे पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर काढ, माती नदीत उतरते का ते तुझा फोटोच सांगेल. सोबत उपग्रहाचे फोटो बघ, गूगल अर्थमध्ये जुन्या वर्षांची चित्रं मागे मागे नेऊन बघता येतात, सेंटिनेल-२ या उपग्रहाची तर दर थोड्या दिवसांनी नवीन आणि फुकट मिळतात. वरून खाण किती पसरली ते कळतं, खालून तिथे राहणाऱ्याला काय दिसतं ते कळतं, दोन्ही जोडलं की गोष्ट पूर्ण होते.

'आधी' चे फोटो नसतात ही आपल्याकडची मोठी अडचण आहे. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्राच्या खसाळा राख तलावाचा बांध फुटला आणि राख गावांच्या नाल्यांतून, शेतांतून नदीपर्यंत गेली, तेव्हा फुटल्यानंतरचे फोटो सगळ्यांनी काढले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक घर बघता बघता जमिनीत गेलं, खाली जुनी भूमिगत खाण असलेली वस्ती, नशीब घरातली माणसं वेळेत बाहेर पडली. तिथेही सगळ्यांकडे खड्ड्याचे फोटो. शेत आधी कसं होतं, अंगण आधी कुठे खचत होतं, याचे फोटो कोणाकडे असतील तर त्या घरच्या लग्नाच्या अल्बममध्ये. तू नुसती साधी रस्त्यांची, शेतांची, नाल्यांची नोंद ठेवलीस, ज्यात आज काहीच 'घडत' नाहीये, तरी ती उद्या सोन्याची ठरेल.

एखादा फोटो लगेच काम करून जातो हेही खरं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नवी मुंबईजवळच्या तळोज्याचे, कारखान्याच्या रंगाने निळे झालेले कुत्रे आठवतात ना, कासाडी नदीच्या परिसरातले. तो निळा रंग देशभर पोचला आणि प्रदूषण मंडळाने एका कारखान्याला टाळं लावलं. पण नदीकाठच्या मच्छीमारांच्या तक्रारी त्याच्या कितीतरी आधीपासून होत्या, त्या तक्रारींना निळा रंग नव्हता इतकंच. म्हणून व्हायरल होणाऱ्या फोटोमागे धावू नकोस, तो आला तर येईल. तक्रार करणाऱ्या माणसाच्या हाती नीट तारीख-वार लावलेले वीस साधे फोटो असणं, याची किंमत जास्त आहे. खाणीचा किंवा केंद्राचा विस्तार करायचा असतो तेव्हा जनसुनावणी लागते तिथे निदान ३० दिवस आधी नोटीस निघते आणि लेखी हरकती देता येतात, त्याला फोटो जोडता येतात. पर्यावरण मंजुरीच्या अटी पाळल्या का याचा रिपोर्ट कंपनीला दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो, तो वाच. त्यात लिहिलं असेल की रस्त्यावर रोज पाणी मारतो, ढिगाऱ्यावर इतकी झाडं लावली. मग तू त्या रस्त्यावर उभी राहून फोटो काढ. पाणी मारलेलं असेल तर तेही काढ आणि तसं लिही, तुझ्यावर विश्वास त्यानेच बसेल.

सुरक्षेबद्दल आईसारखं सांगते, रागवू नकोस. मातीच्या ढिगाऱ्याच्या कडेवर चढायचं नाही, ती कड कधी घसरेल सांगता येत नाही, पावसात तर मुळीच नाही. सुकलेल्या राखेवर पाय ठेवायचा नाही, वरून टणक दिसते, आत दलदल असते. बंद खाणीत साचलेलं निळं-हिरवं पाणी कितीही मोहक दिसलं तरी काठ उभे कापलेले असतात, दूरच राहा. ब्लास्टिंगचा सायरन तुला माझ्यापेक्षा चांगला माहिती आहे. झुडपात पहाटे एकटी बसू नकोस, तुमच्याकडे वाघ कॉलनीपर्यंत येतो. मास्क लाव. खाणीच्या आणि केंद्राच्या हद्दीत विनापरवानगी जायचं नाही, ड्रोन उडवायचा विचार असेल तर आधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी वेबसाइटच्या नकाशावर तो झोन बघ, वीज केंद्राजवळ ड्रोन उडवून पोलीस स्टेशनला बसायची वेळ आली तर बाबांची भीती खरी ठरेल. सिक्युरिटीवाल्याने सार्वजनिक रस्त्यावर अडवलं तर वाद घालू नकोस, शांतपणे सांग, वेळ-जागा लिहून ठेव आणि निघ.

राहिलं प्रदर्शन. विषय 'उद्योगाचं सौंदर्य' आहे म्हणून नकार द्यावा असं मला वाटत नाही, तिथे येणारे लोक नागपूरचे असणार, आणि कोराडी-खापरखेडा त्यांच्या दारात आहे. पण तुझ्या अटीवर जा. आयोजकांना मेल लिही की प्रत्येक फोटोखाली माझ्या शब्दांत ओळ लागेल, त्यात जागा, महिना, वर्ष आणि काय दिसतंय ते असेल, आणि ती तुम्ही कापायची नाही. आयोजकांना पैसे कोण देतंय तेही विचार, एखादी खाण किंवा सिमेंट कंपनीच स्पॉन्सर असेल तर मग मात्र माझं मत 'जाऊ नको' असं आहे, तिथे तुझा फोटो त्यांच्या कॅलेंडरवर जायला वेळ लागणार नाही. ओळी साध्या ठेव. तलावाच्या फोटोखाली राख किती आणि कशी येते ते लिही. हवं तर हेही घाल की केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणाप्रमाणे क्रमवारी लावली तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथं होतं, आणि ७० च्या वर म्हणजे अतिप्रदूषित. 'आई धरणी रडते' असलं काही लिहू नकोस.

आणि निवडताना हिवाळ्याचा तलाव ठेव, त्याच्या शेजारी एक जागा मेच्या फोटोसाठी राखून ठेव, कूलिंग टॉवर काढून टाक किंवा खाली 'पाण्याची वाफ' असं सरळ लिही. आजी हो म्हणाल्या तरच कुरडया. अटी मान्य झाल्या नाहीत तर हेच फोटो तुमच्याच गावात, ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या हॉलमध्ये दोरीला चिमट्याने लावता येतात, मला विचारशील तर पहिलं प्रदर्शन तिथेच व्हावं. ज्यांच्या अंगणाचे फोटो आहेत त्यांनी ते आधी बघावेत, चूक असेल तर तिथेच सांगावी, मग नागपूर. आयोजकांचं उत्तर काय येतं ते मला कळव.